पेन्शनवर आलेला जवान आणि जिल्ह्याचं ऑफिस: गावाने नेमकं काय करावं?

तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात. यंदा गावात तीन जवान पेन्शनवर आले, गावाने उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, शाल-श्रीफळ झालं. पुढे काही महिन्यांनी तुम्हाला कळलं, की त्यांतल्या एकाने आईचं ऑपरेशन पतसंस्थेचं कर्ज काढून केलं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची अजून नोंदणीसुद्धा झालेली नाही. आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माजी सैनिकांच्या सगळ्या योजनांचा फलक लावायचा तुमचा विचार आहे आणि त्यावर काय काय लिहावं, हा तुमचा प्रश्न.

मी स्वतः फौजेतून पेन्शनवर आलो आणि नंतर बरीच वर्षं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम केलं. तालुक्यांतून फिरायचं, माजी सैनिकांना आणि वीरपत्नींना भेटायचं, त्यांचे अर्ज मार्गी लावायचे, हेच ते काम. त्या अनुभवावरून सांगतो: फलक जरूर लावा, पण फलक असता तरी त्या जवानाचं कर्ज टळलं असतं असं मला वाटत नाही. योजना आहेत हे त्याला माहीत असतं. निघताना रेजिमेंटच्या सेंटरवर लेक्चर होतात, पुस्तिका हातात पडते, फोनवर माजी सैनिकांचे ग्रुप असतात. अडतं ते दुसरीकडेच.

फौजेत जवानाचे बहुतेक कागद दुसरं कुणीतरी करत असतं. लग्न झालं, मूल झालं, की तो कंपनी ऑफिसात सांगतो आणि क्लार्क पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डातली अधिकृत नोंद, काढतो. आजारी पडला तर एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना. रजा, प्रवासाचं वॉरंट, पगाराची तक्रार, सगळ्याची वाट ठरलेली. आपल्या वरचा माणूस कोण आणि त्याला काय सांगायचं, एवढं कळलं की काम होतं. गावी आल्यावर तो वरचा माणूसच नसतो. तलाठी, ग्रामसेवक, बँक, माजी सैनिकांचं पॉलिक्लिनिक, जिल्ह्याचं ऑफिस, फौजेतल्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस असे सगळे आपापल्या जागी, आणि प्रत्येकाच्या दारात यानेच जाऊन मागायचं. मागायची त्याला सवय नसते आणि मनातून ते नकोही असतं. पहिल्याच खेपेला खिडकीवरचा माणूस ‘अमुक कागद आणा’ म्हणाला, की तो मुकाट्याने घरी येतो, फाइल कपाटात ठेवतो आणि तो विषय बंद होतो. घरच्यांना वाटतं, काम झालं.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी अशा गावांत ही अडचण कमी दिसते. अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले होते. तेव्हापासून घराघरांत फौज आहे. तिथे नवा पेन्शनर आला की पारावरचा म्हातारा सुभेदारच विचारतो, ‘काय रे, बोर्डात नाव घातलंस का?’, म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसात नोंदणी केलीस का, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊनही जातो. तुमच्या गावात तीनच जवान. त्यांना विचारणारं कुणी नाही. तेव्हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे, की गावात असा सोबत जाणारा माणूस कसा उभा करायचा आणि त्याने कोणतं काम आधी धरायचं.

काय मिळेल हे जवानाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधी मान्य करायला हवं. पूर्ण मुदत करून पेन्शनसह आलेला, वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेला आणि पेन्शनची मुदत भरायच्या आत स्वतःच्या अर्जावरून नोकरी सोडून आलेला, या तिघांची गोष्ट वेगळी. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी स्वतःहून सोडलं आणि पेन्शन नसेल, तर सरकारी व्याख्येत तो माजी सैनिक धरला जाईलच असं नाही, आणि मग निम्म्याहून अधिक दारं बंद होतात. म्हणून कुणालाही काही सांगण्याआधी त्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेचं पुस्तक, उघडून घरी पाठवण्याचं कारण वाचा. तुमचे तिघेही पेन्शनवर आलेत असं धरून पुढचं लिहितो.

सगळ्यात आधी नावं जुळवा. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्यासमोर अडकून पडलेल्या फायलींपैकी बहुतेकांचं मूळ इथेच होतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. जवानाने लग्नाची नोंद करताना माहेरचं नाव सांगितलं, आधारवर सासरचं नाव आलं, बँकेत तिसरंच काहीतरी. समजा, डिस्चार्ज बुकात ‘संगीता’, आधारवर ‘सुजाता’. कंप्युटरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. जवान जिवंत असेपर्यंत हे कुणाला फारसं खुपत नाही. पण उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर कुटुंब निवृत्तिवेतन त्या एका नावापायी अडून राहतं आणि ती बाई एकटी कागद घेऊन वणवण फिरते. मुलांच्या जन्मतारखांचंही तसंच: शाळेचा दाखला एक सांगतो, पार्ट टू ऑर्डर दुसरं.

तेव्हा पहिल्या बैठकीत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा मंजुरी आदेश), घरातल्या सगळ्यांचे आधार, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची नोंद आणि रेशनकार्ड एका चटईवर मांडा आणि प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. आईवडिलांची नावंसुद्धा. जिथे फरक दिसेल तिथे आधी ठरवा, की आधार बदलणं सोपं की फौजेचं रेकॉर्ड. आधारवरची स्पेलिंगची चूक असेल तर ती तालुक्यालाच दुरुस्त होते. बायकोचं अख्खं नावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र, बहुतेक वेळा राजपत्रातली नोंद, आणि मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. रेकॉर्ड ऑफिस ज्याचं त्याचं वेगळं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा आणि पीपीओ नंबर नसेल तर कागद तिथे कुणाच्याच टेबलावर जात नाही. उत्तर यायला महिने लागू शकतात, म्हणूनच हे काम पहिलं.

दुसरं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी. गावाकडे जुनी माणसं याला अजून सोल्जर बोर्ड म्हणतात. जवान घरी येतो तेव्हा त्याचं फौजेतलं ओळखपत्र जमा झालेलं असतं. माजी सैनिक म्हणून नवं ओळखपत्र या कार्यालयातून मिळतं. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट, म्हणजे घरपट्टीची सूट, मुलांच्या प्रवेशासाठीचे दाखले, शिष्यवृत्तीची शिफारस, नोकरीसाठी नाव, या नोंदणीवर उभी आहे. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ मूळ न्या, दोन-दोन झेरॉक्स न्या, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि नवराबायकोचा जोडफोटो न्या. कल्याण संघटक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावीही येतात. तो दिवस फोन करून विचारून घ्या, म्हणजे जिल्ह्याची एक फेरी वाचते.

जमलं तर बायकोला सोबत घ्या. हे मी आग्रहाने सांगतो. नवरा सरहद्दीवर असताना शाळा, दवाखाना, बँक, बांधावरची भांडणं, सगळं त्या बाईने एकटीने निभावलेलं असतं. कोणता कागद कुठल्या पिशवीत आहे हे तिलाच माहीत असतं, आणि खिडकीवर विचारायला ती कचरत नाही. जोडप्याने आलेल्यांच्या फायली भराभर पुढे सरकताना मी पाहिल्या आहेत. शिवाय पुढेमागे तिला एकटीला यावं लागलं, तर ऑफिस ओळखीचं असतं.

आता दवाखाना. तुमच्या प्रश्नातली खरी दुखरी जागा हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. माजी सैनिकांची आरोग्य योजना म्हणजे ईसीएचएस. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि त्यानंतर पेन्शनवर येणाऱ्यांना सभासदत्व सक्तीचं आहे. हवालदारापर्यंतच्या जवानाचे ३०,००० रुपये एकदाच, निघतानाच कापून घेतलेले असतात. म्हणजे तुमच्या त्या जवानाने पैसे बहुधा भरलेलेच आहेत. फक्त पुढचा अर्ज, कार्ड आणि आईचं नाव, यांतलं काहीतरी राहून गेलं असणार.

आईवडील अवलंबित म्हणून बसतात, पण अट आहे: त्यांचं सगळीकडून मिळणारं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, यापेक्षा कमी असावं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागेल आणि आईचं नाव फौजेच्या नोंदीशी जुळावं लागेल. पुन्हा तेच पहिलं काम. बायको आणि अविवाहित, न कमावणारी मुलगी बसते. मुलगा २५ वर्षांपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत. कार्ड छापून यायला वेळ लागतो, तोवर तात्पुरती पावती चालते. ती सांभाळून ठेवायला सांगा.

उपचाराची वाट अशी: आधी पॉलिक्लिनिक, तिथल्या डॉक्टरांचं रेफरल, मग यादीवरचं खासगी रुग्णालय. सातारा, सांगली, कोल्हापूर इथे पॉलिक्लिनिक आहेत. आपले लोक चुकतात ते इथे, की आधी ओळखीच्या दवाखान्यात दाखल होतात आणि बिल झाल्यावर कार्ड काढतात. ठरवून करायच्या ऑपरेशनला रेफरल नसेल तर पैसे परत मिळणं फार अवघड. जीवावरचा प्रसंग असेल तर कुठल्याही रुग्णालयात न्या, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. हा ४८ तासांचा नियम मात्र तुमच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. तो वेळेवर आठवला तर घर वाचतं.

त्या आईच्या झालेल्या खर्चाचं काय? ऑपरेशन तातडीचं होतं का, तेव्हा तिचं नाव ईसीएचएसला लागलेलं होतं का आणि कळवलं होतं का, या तीन गोष्टींवर ते ठरेल. तिन्ही ‘हो’ असतील तर डिस्चार्ज समरी आणि मूळ बिलं घेऊन पॉलिक्लिनिकला लगेच जा. नसतील तर त्या जवानाला खोटी आशा लावू नका. आईचं नाव आता घालून घ्या. आणि एक पर्याय गावात कुणी सांगत नाही: ईसीएचएसचं कार्ड हाती येईपर्यंत अशी वेळ आली, तर रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पेन्शन आता स्पर्श नावाच्या प्रणालीतून, प्रयागराजच्या कार्यालयाकडून थेट खात्यावर येते. तिथे लक्ष द्यायच्या गोष्टी दोनच. एक, मोबाइल नंबर. जवान गावी येतो, जुनं सिम बंद करतो, नवं घेतो आणि ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतो. नंबर बदलण्याआधी स्पर्शमध्ये, आधारला आणि बँकेत बदलून घ्या. दोन, वर्षातून एकदा हयातीचा दाखला. मुदत चुकली की पेन्शन थांबते. मोबाइलवर चेहरा दाखवून किंवा सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांच्या) केंद्रात तो देता येतो. तुमच्या गावातला केंद्रचालक हुशार मुलगा असेल, तर त्यालाच हे नीट शिकवून ठेवा. तिघांचंही काम गावात होईल.

एकरकमी पैशाबद्दल सल्ला द्यायचा अधिकार गावाला नाही, पण जवान विचारेल तर माझं मत सांगा. ग्रॅच्युइटी, विमा, फंड आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम एकदम हातात येते. जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि तो कापला गेलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. म्हणजे ही रक्कम म्हणजे पुढच्या १५ वर्षांच्या पेन्शनचाच तुकडा आहे. घरी पोचल्याच्या आठवड्यात कुणी जेसीबीत भागीदारी मागतं, कुणी प्लॉट दाखवतं, कुणी उसने मागतं. पहिलं वर्षभर बँकेत मुदत ठेव करावी आणि ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणावं. घर बांधायचंच असेल तर बांधावं, बाकी सगळं थांबू शकतं.

मुलांसाठी काय आहे ते थोडक्यात. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षणाचं अनुदान आहे; १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दरमहा १,००० वरून २,००० रुपये झालं. मुलीच्या लग्नाचं अनुदान त्याच वेळी ५० हजारांवरून १ लाख झालं. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या आणि बारावीला किमान ६० टक्के असलेल्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना दरमहा ३,०००, मुलांना २,५०० रुपये. अर्ज ऑनलाइन आहेत, मुदती कडक आहेत आणि पडताळणी जिल्ह्याच्या ऑफिसात होते. मुलं जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला जाणार असतील, तर राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं कित्येक जिल्ह्यांत आहेत. खासगी खोली शोधण्याआधी तिथे चौकशी करा.

नोकरीचा भाग मात्र नीट बोलून घ्यायचा. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पेन्शनवर घर भागतं, पण माणूस रिकामा बसला की आतून खचतो. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतून मिळणारं) आरक्षण आहे, आणि वयात सेवेची वर्षं अधिक ३ इतकी सवलत. केंद्राच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के. बँका आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांत साडेचौदा टक्के, त्यात अपंगत्व आलेल्या जवानांचा वाटाही धरलेला. कित्येक जागा योग्य उमेदवार नसल्याने रिकाम्या राहतात, याचं मला फार वाईट वाटायचं. कारण जवान परीक्षेचा फॉर्मच भरत नाही. दहावीनंतर पुस्तक उघडलेलं नसतं आणि विशीतल्या पोरांच्या शेजारी बसायला लाज वाटते. तुमच्या गावात अभ्यासिका असेल तर यांच्यासाठी संध्याकाळी एक टेबल राखून ठेवा आणि भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या पोराला गणित शिकवायला बसवा. बदल्यात जवान त्या पोरांना मैदानावर पळवेल. दोघांचंही होतं.

एक बारकावा. केंद्र सरकारच्या नोकरीत माजी सैनिक एकदा रुजू झाला, की दुसऱ्या नोकरीसाठी ते आरक्षण पुन्हा मिळत नाही. मात्र रुजू होण्याआधी आणखी कुठे कुठे अर्ज केलेत, हे त्याने रुजू होताना लेखी दिलं असेल, तर त्या अर्जांपुरता हक्क टिकतो. हा कागद द्यायचा राहिला म्हणून हातची चांगली नोकरी गेलेली माणसं मला माहीत आहेत. सुरक्षा रक्षकाची नोकरी लगेच मिळते, त्यासाठी पुण्याचं महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण पहिल्याच महिन्यात बारा तासांची ड्यूटी धरली की अभ्यास, शेती, मुलं, सगळं मागे पडतं. थोडं थांबून, पर्याय बघून निर्णय घेतलेले लोक पुढे स्थिर झालेले दिसले.

तिघांपैकी कुणी मेडिकल कॅटेगरी घेऊन, म्हणजे प्रकृतीमुळे खालची श्रेणी लागून, आला असेल, पाठीचं दुखणं असेल, कान गेला असेल, तर निघतानाच्या मेडिकल बोर्डाचे कागद जपून ठेवायला सांगा. अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं गेलं असेल तर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईला बसतं. वकिलाच्या खर्चाला घाबरून लोक इथेच सोडून देतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात सैनिक बोर्डांत मोफत कायदा सल्ल्याची केंद्रं आहेत. जमिनीच्या वादासाठीही तिथे जा. जवान बाहेर असताना बांध सरकलेला असतो, सातबाऱ्यावर वारस नोंद राहिलेली असते, भाऊबंदकी पेटलेली असते. हे वाद हातघाईवर जायच्या आत कागदावर आले तर बरं.

मनाचं बोलायला गावात संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. पहिले दोन-तीन महिने सत्काराचे असतात. नंतर माणूस पहाटे चारला उठतो आणि करायला काही नसतं. घराची घडी त्याच्याविना बसलेली असते. मुलं परवानगी आईला विचारतात. मग चिडचिड, नाहीतर गप्प राहणं, रात्र रात्र जागणं, फौजी कॅन्टीनमधली दारूची बाटली रोजची होणं. यांतलं काही आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर त्याला वेडा, तापट असं काही म्हणू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं; बायको किंवा भाऊ फोन करून विचारू शकतो. मनोविकारतज्ज्ञाचे उपचार ईसीएचएसमध्येही बसतात, पॉलिक्लिनिकमध्ये सांगितलं की रेफरल मिळतं. आणि ‘मरून गेलेलं बरं’ अशी भाषा कानावर आली तर वाट बघू नका, त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या आणि एकटं सोडू नका.

आता ग्रामपंचायतीच्या हातातलं. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती मालमत्ता करात सूट आहे; बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना म्हणून २०२० मध्ये ती लागू झाली. अर्ज तुमच्याच ऑफिसात यायचा आहे, सोबत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला. इथे गावाने जवानाच्या अर्जाची वाट का बघावी? ग्रामसेवकांना सांगून फॉर्म भरून त्याच्या घरी न्या, त्याने फक्त सही करायची. तुमच्यावर विश्वास बसायला एवढं एक काम पुरेल.

सोबत जाणारा माणूस कोण असावा? तुमच्या गावात वयस्कर माजी सैनिक असेल तर तोच. नसेल तर शेजारच्या गावातला शोधा, तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेला विचारा. तेही जमलं नाही तर निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमन चालेल: कागद वाचायची सवय असलेला आणि ऐकलेलं गावभर न सांगणारा. पुढारी नको, कारण जवान त्याच्यासमोर मोकळं बोलणार नाही. त्याने ‘काही मदत हवी का?’ असं विचारू नये. फौजी माणूस ‘नाही’च म्हणणार. ‘मंगळवारी साताऱ्याला जायचंय, फाइल घेऊन तयार राहा’ असं म्हणावं. प्रत्येक जवानासाठी एक वही ठेवावी: कोणता अर्ज, कोणत्या तारखेला, कुणाकडे दिला, पोच मिळाली का, पुन्हा कधी जायचं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

क्रम पुन्हा सांगतो, कारण लोक उलटीकडून, म्हणजे कॅन्टीन कार्डापासून सुरू करतात. आधी नावं जुळवणं, मग जिल्ह्याला नोंदणी आणि ओळखपत्र, लगेच ईसीएचएस, स्पर्शमधला मोबाइल नंबर. एवढं पहिल्या तीन महिन्यांत व्हावं. अपंगत्वाचं अपील असेल तर ते या सगळ्याच्याही आधी, कारण तिथे मुदत पळत असते. शिष्यवृत्ती, घरपट्टी, नोकरी, कॅन्टीन हे त्यानंतर सावकाश.

शेवटी अग्निवीरांबद्दल, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या पोरांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही तरी. पहिली तुकडी डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला गेली, म्हणजे चार वर्षं भरून त्यातली बहुतेक पोरं २०२६ अखेरीपासून घरी यायला लागतील. वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांना लागू नाही. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. हातात सुमारे ११.७१ लाखांचा करमुक्त सेवानिधी (एकरकमी रक्कम), कौशल्याचा दाखला, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा व वयाची सवलत. वय तेवीस-पंचवीस. तुमच्या गावातला कुणी अग्निवीर असेल तर पुढच्या सुट्टीत तो घरी येईल तेव्हाच त्याच्याशी बसा: दहावीवर गेला असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून बारावीचं प्रमाणपत्र मिळवण्याची प्रक्रिया त्याने पुरी केलीय का, आधार आणि बँकेतली नावं जुळतात का, आणि सेवानिधी कुठे ठेवायचा हे घरच्यांशी बोललाय का. युनिटमध्ये असेपर्यंत हे कागद एका अर्जात होतात.